दोन साडू आणि घोड्याची पाठ

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. लिफ्टचे रूळ सरळ उभे आहेत की नाही हे बघायला लागतो तो दोरीचा पितळी ओळंबा सदानकदा त्याच्या खिशात असायचा. त्यामुळे शर्टाचा खिसा एका बाजूला लोंबायचा आणि शहरातला सगळ्यात सरळ माणूस दिसायला मात्र तिरका दिसायचा. कुणाच्या घरी गेला तर बसायच्या आधी दाराची चौकट डोळ्यांनी मापायचा. त्याची बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. ती म्हणायची, "आमच्या लग्नाच्या फोटोत बघा, हे माझ्याकडे बघतच नाहीयेत. मागचा पडदा वाकडा लागलाय, तिकडे बघताहेत."

कामात मात्र त्याच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. दुसऱ्याने तपासलेला दोर तो स्वतः तपासल्याशिवाय पास करत नसे. एखाद्या इमारतीचा पहारेकरी म्हणाला, की कालच तुमच्या माणसाने तेल दिलंय, तर ओळंबा मान डोलवायचा आणि शिडी लावून वर चढायचा.

आठवडाभर असा काळोख्या उभ्या बोळात, ग्रीसच्या वासात वर-खाली केल्यावर रविवारी त्याला आभाळ लागायचं. अडतिसाव्या वर्षी त्याने एक जुनी गिअरची सायकल घेतली, जाड दातेरी टायरांची, डोंगरात चालणारी. शहराच्या पाठीमागे टेकड्यांची एक रांग होती. तिथल्या गुराख्यांच्या, लाकूडतोड्यांच्या, खाणकामगारांच्या पायवाटा त्याने एकेक करून धुंडाळल्या. कुठली वाट कुठे फुटते, कुठे मुरूम सुटा आहे, कुठल्या वळणावर झाडाची मुळं वर आली आहेत, हे सगळं तो लिफ्टच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने काढून ठेवायचा. वाटांना नावंही त्यानेच दिलेली. एक होती चिकटवाट, कारण तिथे चिखल चाकाला सोडत नसे. एक होती सुताराची करवत. आणि सगळ्यात उंचावरची, दोन्ही अंगांना उतरत गेलेल्या धारेवरून जाणारी, ती घोड्याची पाठ.

या नादाला त्याला एक जोडीदार मिळाला तो घरातलाच. त्याच्या धाकट्या मेहुणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू. हा साडू गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर होता. त्याच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा, आणि दुसऱ्याच्या चुकीवर आपला पाय दाबण्यात त्याची निम्मी हयात गेलेली. ओळंबा जितका अबोल तितका हा बोलघेवडा. पहिल्या रविवारी आला तेव्हा म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या मेहुणीने पाठवलंय. पोट घेऊन परत आलात तर दार उघडणार नाही म्हणाली." पोट काही गेलं नाही, पण साडू दर रविवारी यायला लागला. चढावर धापा टाकायचा, मध्येच थांबून शिकाऊ चालकांचे किस्से सांगायचा आणि उतार आला की पोरासारखा ओरडत सुटायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दुपारी सगळे एकत्र जेवायचे. तीन वर्षं हे असं छान चाललं.

मग तो रविवार आला.

आदल्या दिवशी संध्याकाळी ओळंब्याने साडूची सायकल पाहिली होती. मागच्या ब्रेकचे रबर पार झिजून धातू दिसायला लागला होता. तो म्हणाला, आजच दुकानातून बदलून घ्या, नाहीतर उद्या जरा लवकर या, माझ्याकडे जोड पडलाय, मी घालून देतो. दुसऱ्या दिवशी साडू लवकर आला नाहीच, उलट अर्धा तास उशिरा आला. टेकडीच्या पायथ्याशी ओळंब्याने विचारलं, "बदललेत का?" साडू म्हणाला, "बदलले की." ओळंब्याने पेडलवर पाय टाकला आणि दोघे निघाले.

घोड्याच्या पाठीवरून खाली उतरताना एक तीव्र घसरण लागते. ओळंबा वर थांबला आणि त्याने साडूला नीट समजावलं: मागचा ब्रेक हळूहळू दाबत या, पुढच्याला बोटही लावू नका. तो आधी उतरला, खाली जाऊन वळून उभा राहिला. साडू निघाला. निम्म्यात त्याची सायकल एकदम सुटली, पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि साडू हँडलवरून उडून खालच्या घळीत कोसळला.

मांडी मोडली, गळ्याखालचं हाड मोडलं. फोन लागत नव्हता. ओळंबा सायकल हाणत खाणीपर्यंत गेला, दोन कामगारांना आणि एका फळीला घेऊन परत आला. साडूला गाडीत घालेपर्यंत तीन तास गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मेहुणी धावत आली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "भाऊजी, यांना तिथून उतरवायला नको होतं तुम्ही."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ओळंबा पुढे बायकोला कितीदा तरी म्हणाला.

साडू तीन महिने अंथरुणावर होता. उठला तेव्हा उजवा गुडघा अर्धाच वाकायला लागला. खाणकामगारांनी वाकडीतिकडी झालेली सायकल आणून दिली होती, ती मेहुणीने तिसऱ्याच दिवशी भंगारवाल्याच्या हवाली केली. ओळंबा भेटायला दोनदा गेला. दोन्ही वेळा साडू भिंतीकडे तोंड करून झोपलेला होता, किंवा झोपल्याचं दाखवत होता. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. त्याने आपली सायकल जिन्याखाली उभी केली, वर एक जुनी चादर टाकली आणि रविवारी घरी बसायला लागला.

त्याच्या डोक्यात एकच चक्र फिरत राहायचं. मीच त्याला तिथे नेलं. मीच सांगितलं, असा उतर म्हणून. त्याला उतरून चालत यायला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बायको म्हणायची, अहो, अपघात आहे तो, तुम्ही काय त्याला ढकललंत का? पण ओळंब्याच्या मनाची दोरी काही सरळ लोंबेना. दोन बहिणी फोनवर बोलायच्या, बाजारात भेटायच्या, पण घरी येणं-जाणं तुटलं. नातेवाइकांकडे कधी एकत्र येण्याची वेळ आलीच तर एक साडू या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. मधल्या खुर्च्यांवर बसलेल्यांची पंचाईत व्हायची.

गाडी चालवायचे परवाने देणारं कार्यालय एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. तिथल्या लिफ्टची देखभाल ओळंब्याकडे आणि त्याच कार्यालयात शिकाऊंना घेऊन साडूचं रोजचं जाणं. म्हणून ओळंबा त्या इमारतीचं काम सकाळी सातला, कार्यालय उघडायच्या आधी उरकायचा. नऊ वर्षं त्याने हे तंत्र पाळलं. एकदाही चूक झाली नाही. म्हणजे एकदाही भेट झाली नाही.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला त्याला त्या इमारतीतून फोन आला. लिफ्ट अडकलीय, आत एक माणूस आहे, दार बडवतोय, लवकर या.

तो पोहोचला तेव्हा चौथ्या मजल्यावर दहा-बारा माणसं दाराभोवती जमली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला बाजूला व्हायला सांगत होता. ओळंब्याने सगळ्यांना मागे सारलं, त्रिकोणी किल्लीने बाहेरचं दार उघडलं. लिफ्टची खोली तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. तिच्या दाराचा वरचा भाग तेवढा चौथ्या मजल्याच्या फरशीच्या वर आला होता, त्यामुळे आत बघायला वीतभर फट होती. ती हातरुमाल सरकवायला पुरेशी, माणूस बाहेर काढायला नाही. ओळंबा फरशीवर पालथा झोपला आणि त्याने आत पाहिलं. आतल्या दिव्यात त्याला एक टक्कल दिसलं, एक फाइल दिसली आणि भिंतीला टेकून एका बाजूला ताठ धरलेला उजवा पाय दिसला.

त्याने चेहरा बघितला नव्हता. गरजच नव्हती.

अशी लिफ्ट हलवायची तर गच्चीवरच्या यंत्राचा ब्रेक एकाने सोडवून धरायचा आणि दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं. एकट्याचं काम नाही ते. त्याचा जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. फोन केला तर म्हणाला, चाळीस मिनिटं तरी लागतील. आणि त्यांच्या धंद्याचा नियम असा, की आत माणूस असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, बोलत राहायचं. माणूस घाबरून दार उचकटायला लागला तर खरा धोका तिथे असतो. ओळंब्याने गर्दीला पांगवलं, फटीजवळ भिंतीला पाठ लावून बसला आणि नऊ वर्षांनी साडूशी बोलला.

"चाळीस मिनिटं लागतील. आत हवा भरपूर आहे. खाली बसा, पाय लांब करा."

 मग साडूचा आवाज आला, पार बसलेला. "साडूभाऊ, तुम्ही?"

"मीच."

 साडू खाली बसल्याचा, पाय सरळ केल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "ही खाली कोसळणार नाही ना?"

ओळंब्याने हा प्रश्न आयुष्यात शेकडो वेळा ऐकला होता आणि त्याचं उत्तर तो नेहमी त्याच शब्दांत देत असे. तो म्हणाला, "नाही. हिचा ब्रेक उलटा असतो. वीज असली की सुटतो, वीज गेली की आपोआप घट्ट बसतो. माणसाच्या हातावर काही ठेवलेलं नाही."

 ओळंब्याला वाटलं, घाबरलाय. तो पुढे काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात साडू म्हणाला, "मी ते रबर बदललेच नव्हते."

"काय?"

"मागच्या ब्रेकचे. त्या रविवारी. तुम्ही पायथ्याशी विचारलंत आणि मी हो म्हणालो. खोटं बोललो. शनिवारी दुकानात जायचा कंटाळा केला. सकाळी लवकर उठायचाही केला. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय. उतारावर मागचा दाबला तर काही लागेचना. मग घाबरून पुढचा आवळला. तुम्ही नको म्हणाला होतात तोच."

 समोरच्या भिंतीवर कार्यालयाच्या वेळांची पाटी होती. ती डाव्या बाजूला बोटभर खाली आली होती. हे त्याला नंतर आठवलं. तेव्हा दिसलं नव्हतं.

साडू आता थांबत नव्हता. तो म्हणाला, शुद्धीवर आलो तेव्हा हिचं तुमच्यावर सगळं ढकलून झालं होतं. मला वाटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. सायकल भंगारात गेली तेव्हा, देवाशपथ सांगतो, मला बरंच वाटलं, की आता कुणाला कळणार नाही. तुम्ही भेटायला आलात तेव्हा मी जागाच होतो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून भिंतीकडे वळलो. जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं. शाळेत मी रोज पोरांना सांगतो, गाडीत बसायच्या आधी ब्रेक बघा. सांगताना माझीच जीभ अडखळते.

मग तो थांबला आणि हळूच म्हणाला, "शिव्या द्या, साडूभाऊ. मी काही इथून पळून जाऊ शकत नाही."

ओळंब्याच्या तोंडून शिवी आली नाही. आधी एक लांब श्वास आला, मग दुसरा, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय. रागाचं नव्हतं ते. नऊ वर्षं छातीवर एक धोंडा होता आणि तो आता तिथे नव्हता, एवढंच. त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि फटीत वाकून म्हणाला, "चूक माझीही आहे. दुसऱ्याच्या तोंडी बोलण्यावर मी दोर पास करत नाही. तुमची सायकल कशी पास केली?"

"घरचा माणूस म्हणून," साडू म्हणाला.

"हो. घरचा माणूस म्हणून."

जोडीदार आला. दोघे गच्चीवर गेले, एकाने ब्रेक धरला, दुसऱ्याने चाक फिरवलं आणि लिफ्टची खोली इंच इंच करत तिसऱ्या मजल्याला लागली. ओळंबा जिना उतरून खाली आला तेव्हा साडू बाहेर येऊन उभा होता, घामाने चिंब. हातातली फाइल गळून पडली होती. ओळंब्याने ती उचलून दिली.  साडू म्हणाला, "तुमच्या मेहुणीला कोण सांगणार?"

"तुमच्या बायकोला तुम्ही," ओळंबा म्हणाला. "माझ्या बायकोला मी."

साडूने त्याच दुपारी सांगितलं. त्यानंतर आठवडाभर मेहुणी नवऱ्याशी बोलली नाही. भाजीत मीठ जास्त पडलंय हेसुद्धा त्याला सांगायची सोय राहिली नाही. त्यातच, साडूने सांगितल्यावर दोन दिवसांनी, ती एकटीच बहिणीच्या घरी आली. चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे ओळंबा गॅसच्या शेगडीचा पाय सारखा करत बसला होता. ती म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी दवाखान्यात बोलले, ते मी परत घेते. मला फार उशीर झाला." ओळंबा उठून उभा राहिला. तो म्हणाला, "आधी पाणी घ्या." मग स्वतःच पेला भरून दिला. ती पाणी प्यायली आणि तिथेच ओट्याला टेकून रडली. थोरली बहीणही रडली. ओळंबा शेगडीकडे बघत राहिला.

राग त्याला आला, पण चौथ्या दिवशी. एका इमारतीचा जिना चढता चढता एकाएकी आला. नऊ वर्षांचे रविवार! तो घरी येऊन बायकोला म्हणाला, त्याने माझे साडेचारशेच्या वर रविवार खाल्ले. बायको पुस्तकांना वेष्टणं घालत होती. तिने वर न बघता सांगितलं, "रागवा की. पण सायकलवर बसून रागवा. घरात बसून रागावलेलं मी पुष्कळ पाहिलंय."

जिन्याखालची चादर काढली तेव्हा सायकलची दशा बघवत नव्हती. टायरांना भेगा, साखळीला गंज, सीटच्या स्पंजात मुंग्यांचं बिऱ्हाड. आठवडाभर त्याने ती खोलून, धुऊन, जोडून काढली आणि रविवारी एकटाच टेकडीवर गेला. वय आता एक्कावन्न. पहिल्या चढाला दोनदा उतरावं लागलं. चिकटवाट आता काँक्रीटची झाली होती. सुताराच्या करवतीवर कुणीतरी काटेरी कुंपण घातलं होतं. घोड्याची पाठ मात्र होती तशीच होती.

घसरणीच्या तोंडाशी तो उतरला. सायकल आडवी टाकली आणि आधी पायी खाली गेला. नऊ वर्षं डोळे मिटले की त्याला तिथे कडा दिसायचा. आता पाहिलं तर कडा कसला, साधा खडा उतार, दोन-तीन पुरुष उंचीचा. खाली घळीत झुडपं माजली होती. एक सरडा दगडावर बसून मान हलवत होता. ओळंबा त्याच्याशेजारी बसला, त्याने थर्मासमधला चहा प्यायला. मग परत वर गेला, सायकल उचलली, मागचा ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि उतरला. अर्ध्या मिनिटाचं काम. खाली पोहोचल्यावर तो मोठ्याने हसला. त्या ओसाड जागी स्वतःचं हसू ऐकून त्याला जरा लाजही वाटली.

साडूचा गुडघा पूर्ण वाकत नव्हता, म्हणून त्याला पेडल फिरवता येत नव्हतं. ओळंब्याने त्यावर डोकं लावलं. साडूसाठी एक जुनी सायकल आणून तिच्या उजव्या बाजूचा पेडलचा दांडा कापून आखूड केला, की पाय लहान वर्तुळात फिरेल आणि गुडघ्याला तेवढं वाकावं लागणार नाही. तीन वेळा माप चुकलं, चौथ्यांदा जमलं. साडू अंगणात गोल गोल फिरून आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा परवाना मिळालेल्या शिकाऊसारखा दिसत होता. घसरणीच्या वाटेला जायचं नाही, हे त्याने आपण होऊन सांगितलं. सायकलची तपासणी ओळंब्याने स्वतः केली, रबरापासून नटबोल्टपर्यंत. साडू शेजारी हात बांधून मुकाट उभा होता.

मग ते टेकड्यांच्या पलीकडच्या अंगाला जायला लागले. तिकडे ओळंबाही पूर्वी कधी गेला नव्हता. तलावाच्या कडेने एक रुंद, सोपी गाडीवाट होती. ती जुन्या वीटभट्टीपाशी संपते असं लोक सांगायचे. तिसऱ्या रविवारी ते भट्टीपर्यंत गेले. भट्टी केव्हाच बंद पडली होती. तिथे एका बाईने फुलझाडांची रोपवाटिका थाटली होती. तिने दोघांना प्यायला पाणी दिलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. ठरवलेलं काहीच नव्हतं. ती म्हणाली, मागून बैलगाडीची वाट जाते, पण पुढे कुठे निघते ते मलाही माहीत नाही.

ओळंब्याने नोंदवहीचं कोरं पान काढलं आणि भट्टीच्या जागी एक चौकोन काढला. तोवर साडू सायकल घेऊन मागच्या बांबूंपर्यंत पोहोचलासुद्धा. चालताना लंगडायचा तो पाय पेडलवर मात्र बरा चालत होता.

"साडूभाऊ," त्याने तिकडून हाक मारली, "वाट आहे बरं का. आणि सावलीपण आहे."

ओळंब्याने वही बंद केली आणि तो त्याच्या मागे निघाला.